पहिल्याच दिवशी शंभर बैठका कशाला रे?

काल जेवणं झाल्यावर पेठेतल्या कट्ट्यावर बसलो होतो, बारक्या आला तो भिंतीला धरून, आणि बसताना असा कण्हला की दाद्या म्हणाला काय रं, गाडीवरनं पडलास काय? तर म्हणे जिम लावलीय. तीन महिन्यांची फी भरली, परवा पहिला दिवस, आणि आता परत जाणार नाही म्हणतोय.

आधी म्हणाला पाय दुखतात. मग हळूहळू खरं निघालं. बेंचवर झोपून नुसता दांडा छातीपर्यंत आणला आणि तो वर जाईचना, शेजारचा पोरगा धावत आला उचलायला, आणि समोर भिंतभर आरसा. "सगळे बघत होते रे." हे सांगताना चपलेच्या टोकानं फरशीतली माती उकरत होता, वर बघतच नव्हता.

अरे तो मोठा दांडा रिकामाच वीस किलोचा असतो! हे त्याला कुणी सांगितलंच नाही. वर शेवटी शंभर स्क्वॉट, म्हणजे आपल्या बैठकाच, मारायला लावले. मला खरंच राग आला, पोरं आळशी म्हणून जिम सोडतात असं सगळे म्हणतात पण अशी पहिल्याच दिवशी मोडून काढली तर कोण टिकणार.

दाद्या लगेच सुरू, म्हणून सांगतोय तालमीत ये, लाल माती, जोर-बैठका, काय ते आरसे. आमच्या वस्तादांनी पहिले पंधरा दिवस नुसती फावड्यानं हौद्यातली माती उकरायला लावली, कुस्ती लांबच. म्हटलं दाद्या, मी दुसरं काय सांगतोय? वस्तादाला कळतं नवं अंग आधी मुरवायचं, जिमवाल्याला तेवढंच कळायला पाहिजे.

पक्याचं मत वेगळं, महिनाभर घरी व्हिडिओ बघून कर, जरा अंग बनलं की जा, म्हणजे लाजायला नको. मला नाही पटलं. बरं वाटल्यावर डॉक्टरकडे जाण्यातला प्रकार आहे हा, आणि घरी पाठ वाकली तर सांगणार कोण? बारक्याला प्रोटीनच्या डब्याचंही विचारायचं होतं, म्हटलं सध्या अंडी, डाळ, सोयाबीन खा, डबा राहू दे.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, चार-पाच दिवसांत जातं. फक्त लघवी चहासारखी काळपट झाली का ते विचारलं, तसं असेल तर थेट दवाखाना, किडनीला त्रास होतो. नाही म्हणाला, जीव भांड्यात पडला.

मग ठरवलं. आठवड्यातनं तीनच दिवस, पाच किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, लॅट पुलडाऊन म्हणजे बसून वरचा दांडा छातीकडे ओढायचं मशीन, दहा-दहाचे दोन सेट, अजून दोन-तीन निघतील असं वाटतंय तेव्हाच थांबायचं. संध्याकाळी सहा ते आठ तर जायचंच नाही, मशीनला लाईन असते आणि पाठीमागं कोण उभं असलं की नवा माणूस घाबरतो. बारक्याचं दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा जिममध्ये कुत्रं नसतं.

बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, तू येशील?

सोमवारी अडीचला इथनंच निघतोय. दाद्यानं जाता जाता बजावलंय, नॅपकिन घेऊन जा, दुसऱ्याच्या घामावर झोपायचं नाही.