ब्रिजेट जोन्सच्या नावावर काहीही खपवू नका

'तिशी उलटूनही लग्न टाळणाऱ्या मुलींनी ब्रिजेट जोन्सचा सिनेमा बघावा' असा एक मेसेज सध्या फिरतोय. दावा काय, तर हा एका ब्रिटिश बाईच्या खऱ्या डायरीवरचा सिनेमा आहे, ती करिअरच्या मागे लागून आणि जाड असल्यामुळे एकटी पडली, दारू-सिगारेट करत बसली, मग सुधारली, बारीक झाली आणि तेव्हा कुठे तिला नवरा मिळाला. आमच्या आजोळच्या ग्रुपवर मामीने तो टाकला आणि खाली माझ्या तेहतीस वर्षांच्या मावसबहिणीला टॅग केलं. ती अंगठा टाकून गप्प बसली, मला नाही बसवत.

खरी डायरी वगैरे काही नाही. हेलन फील्डिंग या लेखिकेने 1995 मध्ये 'द इंडिपेंडंट' या ब्रिटिश पेपरात ब्रिजेट या काल्पनिक बाईच्या डायरीचा कॉलम सुरू केला, त्यावरून 1996 ला कादंबरी, 2001 ला सिनेमा. कथेचा सांगाडा तिने जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या जुन्या इंग्रजी कादंबरीवरून घेतलाय आणि ते ती उघड सांगते, तिथला नायक डार्सी, म्हणून इथल्या हिरोचं नाव मार्क डार्सी.

करिअरचं तर सोडाच. ब्रिजेट एका प्रकाशन संस्थेत साधी नोकरी करते, त्यात तिचं फार मन आहे असंही दिसत नाही.

जाड? पुस्तकाच्या सुरुवातीलाच वजन दिलंय, 9 स्टोन 3 पाउंड, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न किलो! ती जाड नाहीये, तिला तसं वाटायला लावलंय, आणि हेच तर लेखिकेला दाखवायचंय.

आता तो सगळ्यात संतापजनक भाग, 'सुधारली म्हणून मिळाला'. पुस्तकात ती एकदा खरंच ठरवलेल्या वजनावर येते, पार्टीला जाते, तर सगळे विचारतात बरं नाहीये का, दमलेली दिसतेस, आणि मित्र सांगतो की आधीच बरी दिसायचीस. सिनेमात तर याहून स्पष्ट आहे. लग्न झालेल्या जोडप्यांच्या जेवणाला ही एकटी गेलीय आणि भर टेबलावर तिला विचारतात की हल्ली तिशीतल्या इतक्या बायका बिनलग्नाच्या कशा. ती म्हणते, कपड्यांखाली आमच्या अंगभर खवले असतात ना, त्यामुळे असेल. निघताना मार्क तिला गाठतो, आधी तिचे दोष धडाधड बोलून दाखवतो, तुला चारचौघात बोलता येत नाही, मनात येईल ते बोलून टाकतेस, आणि मग सांगतो की तरीही तू मला आवडतेस, आहेस तशी. आहेस तशी! याच वाक्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. पुढे वाढदिवसाला ती सूप करते, त्यात निळा दोरा पडल्याने ते निळंशार होतं, तरी मित्रमंडळी तेच वाक्य म्हणत तिच्या नावाने ग्लास उचलतात. शेवटी मार्क तिची डायरी वाचतो, त्यात त्याच्याबद्दल वाट्टेल ते लिहिलंय, आणि तो जाऊन तिच्यासाठी नवी कोरी डायरी घेऊन येतो. यात बारीक होणं कुठे आलं?

हां, ती पिते, सिगारेटी ओढते, तिला कुणीतरी हवंय आणि सिनेमा किसवरच संपतो, एवढं खरं आहे, मान्य करते. बॉस तिच्या स्कर्टवरून ऑफिसात मेसेज पाठवतो ते गमतीत घेतलंय, तेही आज बघवत नाही.

पण 'नवरा मिळाला' हे साफ खोटं, या सिनेमात तिचं लग्नच होत नाही. उलट इतकी वर्षं संसार केलेली तिची आई घर सोडून टीव्हीवर दागिने विकणाऱ्या माणसाकडे राहायला जाते आणि वडील एकटे झुरत बसतात. लग्न झालं की सगळं मार्गी लागतं असं म्हणणाऱ्यांना हे दिसलं नाही?

मामी, तू सिनेमा बघितलेला नाहीस हे मला माहितीये. तो मेसेज काढून टाक, आणि त्या पोरीला एक फोन कर, लग्नाचा विषय न काढता.