मॅक आणि मांडूळ

मॅकचं, म्हणजे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरचं, परीक्षण करणारी मंडळी बॅटरी किती तास टिकते ते बघतात, पडदा उन्हात दिसतो का ते बघतात, व्हिडिओ एडिट करताना चिप किती तापते याचे आलेख काढतात. ठाण्याच्या माणसाला यातलं काही उपयोगाचं नाही. आपण एवढंच बघायचं की गोखले रोडच्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात याचं काय होतं. घरात मॅकची तक्रार नसते. झाकण उघडलं की जागा, पंखा घरघरत नाही (माझ्या मॅकबुक एअरला पंखाच नाही), सगळं कसं शांत. भानगड उंबरठ्याबाहेर सुरू होते, कारण उंबरठ्याबाहेरचं अख्खं ठाणं विंडोज आणि पेन ड्राइव्हवर चालतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तो कर्तृत्वामुळे नव्हे. "तुमच्याकडे तो महागाचा कॉम्प्युटर आहे ना, मग तुम्हीच व्हा," असं चेअरमनसाहेब म्हणाले आणि बाकीच्यांनी, आपल्यावर यायच्या आत, टाळ्या वाजवल्या. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण 14 दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. एक दिवस कमी पडला तर ती चूक शोधायला आमच्याकडे दोन निवृत्त हेडक्लार्क टपलेलेच आहेत.

आधीच्या सेक्रेटरींनी मागच्या वर्षीची नोटीस मेल केली. "तारीख तेवढी बदला, बाकी तेच असतं." उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, मधूनच डॉलर, पाउंड, आणि डोक्यावर टिंबं घेतलेले कुठले तरी युरोपियन स्वर. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी असंच असतं. आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट आपल्याकडे नसला की मुखवटा गळून पडतो. विषय क्रमांक तीन, 'हिशेबपत्रकास मंजुरी देणे', हा तर नुसताच डॉलर-पाउंडांत होता. दुरुस्ती निधीबद्दल जिन्यात जी कुजबुज चालते ती खरी असावी असं क्षणभर वाटून गेलं.

मग सगळं नव्याने टाइप करणं आलं. यासाठी मॅकवर वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली देवनागरीचा क्वर्टी कळफलक जोडून घेतला की के दाबल्यावर क उमटतो, आणि ग्लोबचं बटण दाबलं की पुन्हा इंग्रजी. मॅकबरोबर येणारा कोहिनूर देवनागरी फॉन्ट वापरून मी नोटीस एका पानात चोख बसवली आणि वर्डची फाइल चेअरमनसाहेबांना पाठवली. त्यांच्या ऑफिसच्या विंडोजवर कोहिनूर कुठला असायला? त्याने आपल्याकडचा दुसरा फॉन्ट लावला, ओळी फुगल्या आणि एका पानाची नोटीस सव्वा पानाची झाली. दुसऱ्या पानावर 'आपला विश्वासू' आणि माझं नाव एवढंच उरलं.

चेअरमनसाहेबांचा फोन. "सेक्रेटरीसाहेब, सही मजकुराखाली करायची असते. कोऱ्या कागदावर नव्हे."

यावर उपाय पीडीएफ. कमांड-पी दाबायचं, तिथेच 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' असतं. फॉन्ट फाइलच्या पोटातच जातो, मग समोरच्याकडे असो वा नसो. सहीसुद्धा घरबसल्या होते. पांढऱ्या कागदावर सही करून कॅमेऱ्यासमोर धरली की मॅकमधला प्रिव्ह्यू ती उचलतो आणि हवी तिथे चिकटवतो. मी ही करामत चेअरमनसाहेबांना मोठ्या हौसेने दाखवली. त्यांनी ती पुन्हा करायला लावली, पुन्हा बघितली, आणि म्हणाले, "छान आहे. पण पेनानेच करा."

आता प्रती काढायच्या. एअरला जुन्या चपट्या यूएसबीचं भोक नाही, म्हणून मी दुतोंडी पेन ड्राइव्ह घेतलाय. एका बाजूला यूएसबी-सी, दुसऱ्या बाजूला जुनं तोंड. घरात त्याला मांडूळ म्हणतात. मांडुळाला दोन तोंडं असली तरी दोन्हीकडची भाषा त्याला शिकवावी लागते, म्हणजे फॉरमॅट नीट निवडावा लागतो. विंडोजचा एनटीएफएस ठेवला तर मॅक त्यावरचं वाचतो, पण त्याच्यावर काही लिहीत नाही. मॅकचा एपीएफएस केला तर विंडोजला तो ओळखू येत नाही. "डिस्क फॉरमॅट करू का?" असं ते विचारतं, आणि दुकानातला मुलगा असल्या प्रश्नांना नेहमी 'यस' म्हणतो. दोघांनाही चालतो तो एक्सफॅट. या लेखातलं उपयोगाचं वाक्य एवढंच, हवं तर लिहून ठेवा.

दुकानात माझ्यामागे एक मुलगी प्रोजेक्टचं स्पायरल बाइंडिंग करून घ्यायला उभी होती आणि तिच्यामागे आधार कार्ड घेऊन एक आजोबा. मुलाने मांडूळ खुपसलं.

"काका, कुठली मारू?"

"नोटीस नावाची."

"नोटीस दोन आहेत."

त्याचंही बरोबर होतं. मॅक फाइलबरोबर आपली काही खासगी टिपणं ठेवतो, म्हणजे तिला कुठला रंगीत टॅग लावलाय, ती कुठून डाउनलोड केलीय, असं. ही टिपणं ठेवायला एक्सफॅटमध्ये जागा नसते, मग मॅक शेजारीच त्याच नावाची एक चिमुकली भुतासारखी फाइल बनवतो आणि नावाच्या आधी एक टिंब आणि एक अंडरस्कोअर लावतो. स्वतःच्या घरात तो ती लपवून ठेवतो. झेरॉक्सवाल्याच्या विंडोजवर मात्र 'लपलेल्या फाइली दाखवा' हे कायम चालू, कारण तिथला व्हायरस गिऱ्हाइकांचे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो.

त्याने पहिली उघडली. अर्थातच भुताची.

"फाइल खराब आहे, काका."

"ती नाही, दुसरी. जिच्यात टिंब नाही ती."

"टिंब सगळ्यांतच आहे."

पीडीएफच्या आधीचं टिंब माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "नावाच्या आधी टिंब नाही ती," मी म्हटलं. तोवर त्याने खिडकी बंद करून पेन ड्राइव्ह उपसला होता आणि पुन्हा खुपसला होता. आजोबा मागून म्हणाले, "फुंकर मारून बघा." मुलाने खरंच फुंकर मारली.

"लॅपटॉप कुठला आहे?"

"मॅक."

"मग बरोबर," तो म्हणाला, आणि मुलीचं स्पायरल हातात घेतलं. "तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप करा ना, काका." व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर भिंतीवर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलेला होता. माझी फाइल घरच्या मॅकवर आणि माझा फोन अँड्रॉइड, त्यात ती आपोआप येत नाही. म्हणजे पुन्हा घर.

घरी मांडूळ जोडलं तर आत दोन नवे रहिवासी, दुकानातल्या व्हायरसचे. एक ऑटोरन आणि एक आचरट नावाची ईएक्सई. विंडोजसाठी लिहिलेली ईएक्सई मॅकवर आपली आपण चालत नाही, नुसती पडून राहते. मतदानाचा हक्क नाही, मेंटेनन्स नाही, सोसायटीच्या भाषेत नॉन-ऑक्युपन्सी लावावा असं प्रकरण. मॅकला व्हायरस होतच नाहीत, असं यावरून कुणी समजू नये. होतात, पण ते मॅकसाठी वेगळे लिहिलेले असतात आणि झेरॉक्सच्या दुकानात भेटत नाहीत. मी दोघांना घालवून दिलं. टिंबवाल्या भुतांसाठी टर्मिनलमध्ये डॉट अंडरस्कोअर क्लीन नावाची आज्ञा आहे, तीही चालवली. मग मॅकवरूनच व्हॉट्सअ‍ॅप केलं. मी दुकानात पोचायच्या आत प्रती तयार होत्या, स्टेपल मारून.

नोटीस फळ्यावर लागते न लागते तोच ताहो आला, म्हणजे मॅक ज्यावर चालतो त्या मॅकओएसची नवी आवृत्ती. हे दर वर्षीचंच. सोनोमा 2023, सिक्वोया 2024, ताहो 2025, मॅकओएसच्या तिन्ही आवृत्त्या सप्टेंबरातच उतरल्या, म्हणजे बरोबर सभांच्या हंगामात. ताहो हे तलावाचं नाव. ठाणेकराला तलावाचं काय कौतुक! पुढे कॅलिफोर्नियातली नावं संपली तर आमच्याकडे उपवन आणि कचराळी शिल्लक आहेत.

तिसऱ्या मजल्यावरचे नाना हे आमच्या इमारतीतले दुसरे आणि शेवटचे मॅकवाले. त्यांचा आयमॅक 2020 चा, इंटेलच्या चिपचा. इंटेलवर चालणारी ताहो ही शेवटची आवृत्ती, हे त्यांना कळल्यापासून ते आयमॅककडे जरा जपून बघतात. लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं.

"अपडेट मारू का रे?"

"थांबा नाना. चुका दुरुस्त केलेलं पॉइंट वन येऊ दे. आणि आधी टाइम मशीनला बॅकअप घ्या."

टाइम मशीन 2007 पासून मॅकमध्ये आहे, फुकट आहे, आणि तरी माझ्या ओळखीतले निम्मे मॅकवाले ते वापरत नाहीत. नानांनी कपाटातून बाहेरची हार्ड डिस्क काढली. ती विंडोजच्या काळातली, एनटीएफएस. टाइम मशीन म्हणालं, डिस्क पुसावी लागेल. डिस्कवर नातवाच्या मुंजीचा अख्खा व्हिडिओ, मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत. नानी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"मुंज पुसायची नाही," नानी म्हणाल्या. अपडेटचा विषय तिथेच संपला.

सभा झाली. पार्किंग, गळती, कुत्रे, सगळ्यांवर साग्रसंगीत भांडण झालं. एकच ठराव चर्चेविना पास झाला, सोसायटीसाठी प्रिंटर घेणे. सूचक मी. अनुमोदक म्हणून दोन्ही हेडक्लार्कांनी एकदम हात वर केले.

प्रिंटर बसवायला माणूस आला तो खोक्यातून सीडी काढूनच. माझ्या मॅकबुकला त्याने चारी बाजूंनी फिरवून बघितलं, पालथंसुद्धा घातलं. 2008 साली स्टीव्ह जॉब्सनी पहिला मॅकबुक एअर कागदी पाकिटातून बाहेर काढला तेव्हाच त्यातून सीडीची जागा गेली होती. ही बातमी त्याच्या कंपनीपर्यंत पोचायची होती.

"तुमच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नाही का? साधा?"

मी म्हटलं, सीडी राहू दे. प्रिंटर वायफायवर आहे आणि एअरप्रिंटचा आहे, मॅक त्याला आपणहून शोधतो. कमांड-पी दाबलं, यादीत प्रिंटरचं नाव आलं, आणि सभेचं इतिवृत्त सुळसुळत बाहेर पडलं. एका पानात, सही मजकुराखाली.

त्याने कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हे टेस्ट पेज नाही, सर," तो म्हणाला. "टेस्ट पेज सीडीतनं निघतं. ते निघाल्याशिवाय मला इन्स्टॉलेशनचा कॉल बंद करता येत नाही."