बार्टोलीचं विम्बल्डन म्हणे नशिबाने मिळालं!

मारियन बार्टोलीवरचा एक मेसेज सध्या फिरतोय. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि टेनिस खेळणाऱ्या माझ्या भाचीने विचारलं, ‘मावशी, हे खरं आहे का गं?’ मेसेज म्हणतो, या फ्रेंच बाईने २०१३चं विम्बल्डन नशिबाने जिंकलं, दोन्ही बाजूंनी दोन हातांनी फटका मारायची तिची पद्धतच चुकीची होती, अंगकाठी खेळाडूची नव्हती, आणि जिंकताच तिने पळ काढला.

नशिबाचं आधी बघू. विम्बल्डनचे निकाल कुणालाही बघता येतात. २००७ च्या उपांत्य फेरीत तिने जस्टिन हेनाला, तेव्हाच्या अव्वल खेळाडूला, १-६, ७-५, ६-१ असं हरवलं. अंतिम सामना व्हीनस विल्यम्सने जिंकला. २०११ मध्ये गतविजेती सेरेना विल्यम्स तिच्याकडून सरळ दोन सेटमध्ये हरली. विजेतेपद मिळालं ते तिच्या ४७व्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत, म्हणजे विम्बल्डनसारख्या टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधल्या ४७व्या प्रयत्नात. इतकी वर्षं टिकून राहण्याला नशीब म्हणतात?

हो, २०१३ मध्ये पहिल्या दहा मानांकितांपैकी एकही तिच्या वाटेत आली नाही, हे मान्य. पण सेरेना आणि राडवान्स्काला हरवून आलेली लिसिकी अंतिम फेरीत समोर होती, आणि ती ६-१, ६-४ अशी हरली. बार्टोलीने सातही सामन्यांत एक सेट गमावला नाही. कोण कुणाशी खेळणार याचा ड्रॉ काही खेळाडू काढत नाहीत.

मला खरा संताप आला तो अंगकाठीच्या वाक्याचा. हे विष जुनं आहे. अंतिम सामन्याच्याच दिवशी बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन इन्व्हरडेल म्हणाले होते, ती बारा-तेरा वर्षांची असताना वडिलांनी तिला सांगितलं असेल का, की तू काही दिसायला सुंदर होणार नाहीस, शारापोव्हासारखी उंच होणार नाहीस? बीबीसीला माफी मागावी लागली. बार्टोलीचं उत्तर असं होतं: मी सोनेरी केसांची नाही, खरं आहे. मॉडेलिंगच्या कराराचं स्वप्न मी पाहिलं होतं का? नाही. विम्बल्डन जिंकण्याचं? नक्कीच. माझी भाची तेरा वर्षांची आहे. तिच्या वयाच्या मुलींपर्यंत हा मेसेज पोचतोय, आणि पाठवणाऱ्या मोठ्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही!

दोन्ही बाजूंनी दोन हातांनी फटका मारणं चूक असेल, तर मोनिका सेलेसची नऊ ग्रँड स्लॅम विजेतेपदंही चूकच ठरवा. बार्टोलीने तो खेळ तिच्याकडूनच उचलला.

आणि पळ? १४ ऑगस्ट २०१३ ला सिनसिनाटीत हालेपकडून हरल्यावर, २८ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली आणि रडत सांगितलं की तासभर खेळलं की खांदा, कंबर, पाठ, सगळं दुखतं. त्याच शरीराने तिने महिनाभरापूर्वी विम्बल्डन जिंकलं होतं.