आसनाचं चित्र काढायचं तर

जून जवळ आला की पुण्या-मुंबईहून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच दोन मजकूर येऊ लागतात. एक म्हणतो, योग आपला आणि गोऱ्यांनी त्याचा बाजार मांडला. दुसरा म्हणतो, २१ जूनच्या सोहळ्यात योग कमी आणि फोटोच जास्त. सोबत शाळेतल्या पोस्टर स्पर्धेची चित्रं असतात: पद्मासनातली काळी आकृती, मागे उगवता सूर्य, कण्यावर सात रंगांची सात चक्रं. इथे डब्लिनमध्ये योगवर्गांच्या भिंतींवरही मी हेच चित्र पाहते. योग कोणाचा यावर कितीही वाद होवोत, तो कसा रंगवायचा यावर मात्र दोन्हीकडे एकमत आहे. मला खटकतं ते हेच. त्या काळ्या आकृतीला वजन नसतं, श्वास नसतो.

याच शहरात, डब्लिन कॅसलच्या आवारात, चेस्टर बीटी संग्रहालय आहे. खाणींच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या एका संग्राहकाने जमवलेली हस्तलिखितं तिथे आहेत आणि त्यांत ‘बह्र-अल-हयात’ ही फारसी पोथी आहे. मजकूर ग्वाल्हेरचे सूफी मुहम्मद घौस यांचा, सोळाव्या शतकातला. ही सचित्र प्रत १६०० ते १६०४च्या दरम्यान अलाहाबादला, शाहजादा सलीमसाठी तयार झाली. हाच सलीम पुढे जहांगीर झाला. आसनं ओळीने चित्रांतून दाखवणारा याहून जुना ग्रंथ आजवर सापडलेला नाही.

त्या चित्रांतले योगी एका साच्यातून काढलेले वाटत नाहीत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, अंगकाठी वेगळी. जटा, अंगाला फासलेली राख, ताठ पाठ, दुमडलेले गुडघे हे सगळं कोणीतरी समोर बसून, घाई न करता न्याहाळलेलं आहे. चित्रकाराने स्वतः आसनं केली होती का, ते कोणी सांगू शकणार नाही. पण आसनात बसलेल्या माणसाकडे बघायला लागतो तो धीर त्याच्याकडे नक्की होता. योग्यांची विद्या, सूफीची लेखणी, मुघल शाहजाद्याचा आश्रय: यातलं काहीही वगळलं तर ती पोथी उरत नाही. ‘योग आपला’ म्हणताना त्या ‘आपल्या’त हे सगळे धरावेत, असं मला मनापासून वाटतं.

मी इथे संध्याकाळी मॉडेल समोर ठेवून रेखाटनं करायला जाते. सकाळी अय्यंगार पद्धतीच्या योगाचा सराव असतो. त्या पद्धतीत ताडासनावर, म्हणजे नुसतं सरळ उभं राहण्यावरच, किती वेळ जातो! टाचेच्या आतल्या कडेवर वजन आहे की बाहेरच्या, मांडीचा पुढचा स्नायू वर ओढला आहे का, खांदे कानांपासून दूर आहेत का. हे स्वतःच्या अंगात कळायला लागल्यावर माझ्या रेखाटनांत पहिला बदल झाला तो पावलांत. पूर्वी मी डोक्यापासून सुरुवात करायची आणि पावलांपर्यंत येईतो कागद संपायचा. आता आधी बघते, मॉडेलचा भार कुठल्या पायावर आहे. तो सापडला की कंबरेचा तिरकेपणा, झुकलेला खांदा, मानेचा कल आपोआप जागेवर येतात. रेघ श्वास सोडताना ओढली तर हात थरथरत नाही, हेही सरावातच कळलं.

यात नवीन काही नाही. जर्मनीत वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत १९१९ ते १९२३ या काळात चित्रकार-शिक्षक योहानेस इटेन विद्यार्थ्यांकडून चित्र काढण्याआधी श्वासाचे आणि अंग मोकळं करण्याचे व्यायाम करून घ्यायचे. ते मझदाझ्नान या पंथाचे होते, त्यामुळे त्याला सरळ योग म्हणता येणार नाही. तरी शरीर तयार नसेल तर रेघही तयार नसते, हे त्यांना पटलेलं होतं.

आणि आपल्याकडे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे. नागपूरला जन्म, जे. जे.मध्ये शिक्षण. झेन विचार, रमण महर्षी, मुंबईतले निसर्गदत्त महाराज यांची त्यांना ओढ होती. त्यांच्या कॅनव्हासवर ना योगी दिसतो ना चक्र. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले, पुन्हा चढवलेले रंगाचे थर दिसतात. वर्षभरात मोजकीच चित्रं, बाकी वेळ बसून राहणं आणि वाट बघणं. ते आसनं करायचे असा माझा दावा नाही. पण साधनेने चित्राचा विषय नव्हे तर चित्र काढण्याची रीत बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्या शाळांतल्या किती मुलांना त्यांचं नाव ठाऊक असेल?

म्हणून गावाकडच्या कलाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा २१ जूनला पोस्टर स्पर्धा नको. निम्म्या वर्गाला वृक्षासनात उभं करा आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांची चित्रं काढू द्या, मग अदलाबदल करा. रंग नको, पेन्सिल पुरे. डुगडुगणारे घोटे, पडू नये म्हणून उघडलेली पायाची बोटं, एकाग्रतेने आवळलेले ओठ, हे सगळं कागदावर येऊ द्या.