बँकेचा शेअर निवडायचाय? कॅपेक्सला कॅश फ्लोने भागा आणि निवांत झोपा

बँकेचा शेअर घ्यायचा म्हटलं की लोक उगाच एनपीए (थकलेली कर्जं), कासा (चालू-बचत खात्यांतल्या ठेवी), पत-ठेव गुणोत्तर (ठेवींच्या मानाने दिलेली कर्जं) असल्या भानगडीत पडतात. तुम्ही पडू नका. सिमेंट कंपनीला लावता तोच हिशेब बँकेला लावा: वर्षभराचा भांडवली खर्च (कॅपेक्स) भागिले ऑपरेटिंग कॅश फ्लो, म्हणजे रोजच्या कामकाजातून आलेली निव्वळ रोख. उत्तर जितकं कमी तितकी बँक चांगली. सिमेंटला चालतं, मग बँकेनेच काय घोडं मारलंय?

आधी भाजक काढू. वार्षिक अहवालातलं रोख प्रवाह पत्रक उघडा. त्यात तीन भाग असतात: कामकाज, गुंतवणूक, वित्तपुरवठा. पहिला बघा. समजा करपूर्व नफा ९०० कोटी. घसारा आणि बुडीत कर्जांच्या तरतुदी ३५० कोटी, त्या परत मिळवायच्या, कारण त्यात रोख गेलेली नाही. कर भरला २५० कोटी. झाले १,००० कोटी. सिमेंटवाला जवळपास इथेच थांबतो. बँकेत मात्र खरी गंमत याच्या खाली आहे. ठेवी वाढल्या १०,००० कोटी, त्या अधिक. कर्जं वाढली ८,००० कोटी, ती वजा. रोखे घेतले २,००० कोटींचे, तेही वजा. बेरीज पुन्हा १,००० कोटी. इमारती, संगणक, फर्निचर यांवर खर्च २०० कोटी. गुणोत्तर २० टक्के. वहीत लिहून ठेवा, दोन दशांश स्थळांपर्यंत, ‘२०.००’ लिहिलं की अभ्यास केल्यासारखं वाटतं.

आता ३१ मार्चच्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या कंपनीने १,००० कोटींची घाऊक ठेव आणून टाकली आणि बँकेने ती तशीच रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात ठेवली. ऑपरेटिंग कॅश फ्लो २,००० कोटी, गुणोत्तर १० टक्के. एका संध्याकाळीत कार्यक्षमता दुप्पट! ती ठेव २ एप्रिलला परत गेली तर? तो पुढच्या वर्षाचा प्रश्न, आणि पुढच्या वर्षीही ३१ मार्च येतोच.

याउलट बँकेने मूर्खपणा करून हातातल्या रोखीतून आणखी ३,००० कोटींची चांगली, तारणाची कर्जं वाटली, तर कॅश फ्लो उणे २,००० कोटी होतो आणि गुणोत्तर उणे १० टक्के. इथे गांगरू नका. स्क्रीनरवर (शेअर गाळून देणाऱ्या संकेतस्थळावर) ‘कमी ते जास्त’ अशी क्रमवारी लावा. उणे आकडा शून्याच्याही खाली असल्यामुळे ही बँक यादीत पहिली येईल. ठेवीदार पळून गेले तरी हाच फायदा. येस बँकेच्या ठेवी मार्च २०१९ मध्ये सुमारे २.२७ लाख कोटी होत्या, मार्च २०२० मध्ये सुमारे १.०५ लाख कोटी उरल्या. अशी घट याच पहिल्या भागात वजा होऊन बसते. कॅश फ्लो खड्ड्यात गेला की तुमची क्रमवारी त्या बँकेला डोक्यावर घेऊन नाचते.

कर्जवाटप पूर्ण बंद केलेली आणि नुसती जुनी वसुली करणारी बँकही या कसोटीवर दणदणीत पास होते, कारण परत आलेली कर्जं कॅश फ्लो फुगवतात, हे जाता जाता.

पत्रकातल्या या भागांच्या शीर्षकांकडे फार बघू नका. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे रोखे काही बँका पहिल्या भागात दाखवतात, काही गुंतवणुकीच्या भागात. वरच्या उदाहरणातले २,००० कोटींचे रोखे खाली सरकवले की कॅश फ्लो ३,००० कोटी आणि गुणोत्तर ६.६७ टक्के. घेतलेल्या उधारीचंही तेच: कुणी वर, कुणी खाली. अमेरिकी हिशेबपद्धतीत तर ठेवी वित्तपुरवठ्यात आणि कर्जं गुंतवणुकीत जातात. एचडीएफसी बँक न्यूयॉर्कला सूचीबद्ध असल्याने तिकडे त्या पद्धतीचे हिशेब देत आली आहे. म्हणजे एकाच बँकेचे, एकाच वर्षाचे दोन ऑपरेटिंग कॅश फ्लो. ज्याने तुमचं म्हणणं सिद्ध होतं, तो घ्या.

अंशाला फार वेळ देऊ नका. मोठ्या बँकांत स्थिर मालमत्ता ताळेबंदाच्या एक टक्काही नसते. तरी आपण बँकेची पारख तिच्यावरच करणार. अहवालातल्या शेड्यूल १० मधून, म्हणजे स्थिर मालमत्तेच्या परिशिष्टातून, दोन वर्षांच्या शिलकांची वजाबाकी केली की काम झालं. मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारतीचं पुनर्मूल्यांकन होऊन किंमत कागदावर फुगली असेल, तर तोही ‘खर्च’ धरा. एक रुपया गेला नसला म्हणून काय झालं. दुसरीकडे, भाड्याच्या शाखा, दर व्यवहारामागे पैसे मोजून बाहेरच्या कंपनीकडून चालवलेली एटीएम, वर्गणीवर घेतलेलं सॉफ्टवेअर हे सगळं शेड्यूल १६ च्या चालू खर्चात जातं. तिथे बघूच नका. अशी बँक काटकसरी दिसते, दिसू द्या.

तंत्रज्ञानाबद्दल कुणी छेडलंच तर विषय बदला. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेची नवी क्रेडिट कार्डं थांबवली. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली, कारण वाढीच्या मानाने आयटी यंत्रणा उभी राहिली नव्हती. यातलं काहीही आपल्या गुणोत्तरात दिसत नाही, म्हणजे ते महत्त्वाचं नसणार.

भांडवल पर्याप्ततेचं नाव काढणारे पण भेटतील. शंभर रुपयांचं पूर्ण जोखीमभाराचं (म्हणजे सगळी रक्कम जोखमीची धरलेलं) कर्ज द्यायचं तर बफर, म्हणजे जादा राखीव भाग, धरून साडेअकरा रुपये स्वतःचं भांडवल लागतं, बँकेची वाढ अडते ती तिथे, फर्निचरपाशी नाही, असं ते सांगतील. ऐकून घ्या, चहा पाजा, वाटेला लावा.

शेवटची पायरी हौशी मंडळींसाठी. कॅश फ्लोतून कॅपेक्स वजा करा; जे उरेल ते ‘मुक्त रोख’. वाढलेल्या ठेवींपैकी ३ टक्के सीआरआरमध्ये (रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची सक्तीची रोख) अडकतात आणि १८ टक्के एसएलआरमध्ये (मुख्यतः सरकारी रोख्यांत), याकडे काणाडोळा करा. मग ३१ मार्चच्या त्या घाऊक ठेवीसकट हा आकडा दरसाल १२ टक्क्यांनी वीस वर्षं वाढवत न्या आणि आजच्या किमतीला आणा. उत्तर बाजारभावाच्या तिप्पट आलं तर शंका घेऊ नका. ते पैसे खरेच आहेत; फक्त ठेवीदारांचे आहेत.