पहिलं पर्व तेवढं खरं, बाकी सगळी खोटी?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी सांगलीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग भावकीच्या ग्रुपवर, आणि शेवटी साताऱ्याच्या मावसभावाकडून, 'वाच आणि पटलं तर पुढं पाठव' असं लिहून. पटलं नाही, म्हणून पुढं न पाठवता उत्तर लिहिते आहे.

मेसेज 'बिग बॉस मराठी'बद्दल आहे, म्हणजे कॅमेऱ्यांनी भरलेल्या घरात माणसं कोंडायची आणि शेवटी प्रेक्षकांच्या मतांवर एक विजेता निवडायचा, त्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाबद्दल. त्यातलं म्हणणं असं: २०१८चं पहिलं पर्व तेवढं खरं होतं, कारण तेव्हाचे स्पर्धक भाबडे होते. पुढं सगळे ठरवून खेळायला लागले. कलाकार गेले आणि रीलवाले आले. खेळणारा हरतो आणि गरिबी दाखवणारा जिंकतो. सूत्रसंचालक महेश मांजरेकर गेल्यावर कार्यक्रमाचा कणा गेला. लोक कंटाळले म्हणून शंभर दिवसांचे सत्तर झाले. आणि मुळात सगळं लिहून दिलेलं असतं.

२०२४च्या पाचव्या पर्वापर्यंतचा हा आरोप आहे, म्हणून मीही तेवढ्यापुरतंच बोलते. ही पाचही पर्वं मी पाहिली आहेत, त्यातली निम्मी तरी विट्याला आत्याच्या घरी, जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन.

भाबडेपणापासून सुरुवात करू. १५ एप्रिल २०१८ला मराठी घराचं दार उघडलं, तोवर हिंदी 'बिग बॉस'ची अकरा पर्वं होऊन गेली होती. हिंदी कार्यक्रम २००६ पासूनचा, आणि ज्या डच कार्यक्रमावरून तो आला तो १९९९चा. त्याच जानेवारीत हिंदीचं अकरावं पर्व शिल्पा शिंदे जिंकली होती, म्हणजे मराठीच मुलगी. मग लोणावळ्याच्या त्या घरात शिरणाऱ्यांना नॉमिनेशन (बाहेर जाणाऱ्यांच्या यादीत नाव येणं) म्हणजे काय, कॅप्टन कशाला व्हायचं, कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं, हे माहीतच नव्हतं असं कसं म्हणता येईल? मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग हे त्रिकूट आठवा. समोर रेशम टिपणीसचा गट होता. कुणाला वाचवायचं, कुणाचं नाव घ्यायचं, याची गणितं बेडवर बसून उघड चालायची. २२ जुलैला मेघा जिंकली, पुष्कर दुसरा आला. मेघा मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते, ती नेमकी डोकं लावून खेळली म्हणून. तिला भाबडं म्हणणं म्हणजे तिच्या खेळाचं श्रेय काढून घेणं.

पण या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. पर्वागणिक खेळ बदलला, हे कुणालाही दिसतं. का बदलला, हे मला सगळ्यात नीट समजावलं ते आत्याच्या यजमानांनी. मामा तरुणपणी कुंडलच्या कुस्ती मैदानात उतरलेले. टीव्हीत त्यांना फारसा रस नाही, पण २०२१च्या तिसऱ्या पर्वात जय दुधानेचा एक टास्क चालू असताना ते ताट हातात घेऊन दारातच थबकले. थोडा वेळ बघून म्हणाले, "हे पोरगं दुसऱ्याच्या कुस्त्या बघून आलंय." मी सांगितलं, तो आधीच एक रिअ‍ॅलिटी शो जिंकून आलाय. मामा म्हणाले, "मग बरोबर. डाव एकदा मैदानात दिसला की त्याला तोड निघतीच. मग वस्ताद नवा डाव शिकवतो. कुस्ती काय खोटी होत नाही त्यानं."

त्यानंतर मी मागची सगळी पर्वं तशीच आठवून पाहिली. २०१९चा विजेता शिव ठाकरे 'रोडीज' या हिंदी रिअ‍ॅलिटी शोमधून आला होता. तिसऱ्या पर्वातली मीनल शाहसुद्धा 'रोडीज'मधली. पाचव्या पर्वातली निक्की तांबोळी हिंदीच्या चौदाव्या पर्वात तिसरी आलेली. ही सगळी एका तालमीतून दुसऱ्या तालमीत आलेली माणसं. खेळाडू शिकला की खेळ चालवणाऱ्यालाही काहीतरी नवं काढावंच लागतं. म्हणून चौथ्या पर्वात तिसऱ्याचा विजेता विशाल निकम आणि मीरा जगन्नाथ पुन्हा घरात आले, राखी सावंत आली. म्हणून शेवटच्या टप्प्यात पैशांची बॅग समोर येते. चौथ्या पर्वात राखीनं नऊ लाख घेऊन घर सोडलं, पाचव्यात जान्हवी किल्लेकरनं नऊ लाख घेतले. फायनलला आपल्याला किती मतं असतील याचा अंदाज बांधायचा आणि झटपट निर्णय घ्यायचा, हे येड्यागबाळ्याचं काम नाही. आधीची पर्वं बघितलेल्या माणसालाच ते जमतं. पहिलं पर्व पुन्हा होणार नाही, कारण तेव्हा मराठी घराचं मागचं पर्व म्हणून बघायला काही नव्हतंच.

'कलाकार गेले, रीलवाले आले' हा मुद्दा यादी समोर ठेवली की टिकत नाही. पहिल्याच पर्वात अनिल थत्ते होते, पत्रकार. दुसऱ्यात साताऱ्याचे अभिजित बिचुकले होते, ज्यांना आपण सगळे निवडणुकांमुळं ओळखतो. तिसऱ्यात सामाजिक कार्यकर्त्या तृप्ती देसाई होत्या आणि कीर्तनकार शिवलीला पाटील. चौथ्यात सामान्य माणूस म्हणून त्रिशूल मराठे आला. आणि उलट बाजूनं पाहा, पाचव्या पर्वात वर्षा उसगांवकर होत्या, पॅडी कांबळे होते, गायक अभिजीत सावंत होता. घर पहिल्या दिवसापासून सरमिसळच होतं. नाव कुठं कमावलं, एवढंच बदललं. पूर्वी ते मालिकेत कमावलं जायचं, आता फोनवरही कमावता येतं. पाचव्याच पर्वातल्या अंकिता वालावलकरनं कोकणातून फोनवर लोक जोडले, ते काही एखाद्या मालिकेतल्या भूमिकेपेक्षा कमी कष्टाचं काम नाही.

पाचव्या पर्वात ज्येष्ठांशी ज्या भाषेत बोललं गेलं ते मला सहन झालं नाही. आत्यानं दोन दिवस टीव्ही बंद ठेवला होता. त्या बाबतीत मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला मान्य आहे. पण दुसऱ्या पर्वात पराग कान्हेरेला टास्कमधल्या वागण्यावरून घराबाहेर जावं लागलं होतं, हेही विसरू नये. तेव्हा रील करणारे घरात नव्हते.

आता सूरज चव्हाण. मेसेजमधलं सगळ्यात टोचणारं वाक्य त्याच्याबद्दल आहे, आणि माझा खरा राग तिथंच आहे.

सूरज मोढव्याचा, बारामती तालुक्यातला. आमच्या फलटणकडून नीरा ओलांडली की तो मुलूख लागतो. आईवडील लहानपणीच गेले, शिक्षण अर्धवट राहिलं, टिकटॉकवर नाव झालं आणि २०२०मध्ये टिकटॉकच बंद पडलं. ६ ऑक्टोबर २०२४ला तो जिंकला, अभिजीत सावंत दुसरा आला. तेव्हापासून 'सहानुभूतीवर जिंकला' हे पालुपद चालू आहे.

सहानुभूतीवरच जिंकता येत असतं तर चौथ्या पर्वात साताऱ्याचे किरण माने जिंकायला हवे होते. 'सातारचा बच्चन' म्हणून ते घराघरात पोचले होते, गावाकडची भाषा अभिमानानं बोलत होते, आमच्याकडं सगळे त्यांच्याच बाजूचे. ते तिसरे आले. जिंकला अक्षय केळकर, दुसरी आली अपूर्वा नेमळेकर. त्यांच्यापैकी कुणीही गरिबीवर मतं मागितली नव्हती. पहिल्या पर्वात मेघाला कुणी दया म्हणून मत दिलं होतं का?

आणि २६ डिसेंबर २०२१ची रात्र आठवा. विशाल निकम जिंकला. खानापूर तालुक्यातल्या देवीखिंडीचा पोरगा. विट्यात आमच्या गल्लीत फटाके वाजले. आज जे मेसेज पाठवतायत त्यातल्या दोघांनी त्या रात्री 'मातीतला माणूस जिंकला' असं स्टेटस ठेवलं होतं. विशालच्या वेळी जे माती म्हणून कौतुकाचं होतं, ते सूरजच्या वेळी सहानुभूती कसं झालं? दोघांमध्ये फरक एवढाच की एक आपल्या तालुक्याचा होता आणि दुसरा नव्हता.

विशाल जिंकला त्या रात्रीआधीचे आठ दिवस मी विट्यातच होते. आत्याला स्वतःच्या हातानं मत द्यायचं होतं. मी देते म्हटलं तर नको म्हणाली. चष्मा कपाळावर सरकवून, फोन हातभर लांब धरून ती ओटीपीचे आकडे पुटपुटत एकेक करून दाबायची. शेवटचा आकडा दाबेपर्यंत वेळ संपायची. पुन्हा नवा ओटीपी. तिसऱ्यांदा जमलं. मग तिनं फोन पालथा ठेवला आणि "झालं बाई" म्हणून मामांना हाक मारली. विधानसभेला मत देऊन आल्यावरही ती इतकी खूश नव्हती.

ही आत्या २००५ साली अशा कार्यक्रमांची मतदार नव्हती. अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल'चं पहिलं पर्व जिंकला ते प्रेक्षकांच्या मतांवरच. तेव्हा एसएमएसला पैसे पडायचे आणि आत्याच्या घरात एकच मोबाइल होता, तोही मामांच्या खिशात. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, मत ॲपवर आलं, आणि विटा, तासगाव, खटाव, माणमधल्या घरांतून बायका, म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं मत द्यायला लागली. माझ्या मते विजेते बदलले ते यामुळं. मत देणारी माणसं वाढली आणि त्यांना आपल्यासारखं बोलणारा माणूस आवडला. याला सहानुभूती म्हणायचं असेल तर २००५लाही तेच म्हणायला हवं होतं. अभिजीत सावंतचा मला आदर आहे, पाचव्या पर्वात तो सभ्यपणे आणि शहाणपणानं खेळला. पण तो तेव्हा ज्या न्यायानं जिंकला, त्याच न्यायानं १९ वर्षांनी हरला.

मांजरेकरांबद्दल फार लांबवत नाही. चार पर्वं त्यांनी चावडी, म्हणजे आठवड्याअखेरीची स्पर्धकांची झडती, गाजवली, त्यांचा दरारा वेगळाच होता. पाचव्या पर्वात त्यांच्या जागी आलेल्या रितेश देशमुखचा 'भाऊचा धक्का' मवाळ वाटला, हे मलाही वाटलं. पण हिंदीतसुद्धा अर्शद वारसी, शिल्पा शेट्टी, अमिताभ बच्चन असे तीन पर्वांत तीन सूत्रसंचालक झाले, मग चौथ्यापासून सलमान खान आला. कार्यक्रम चालूच राहिला.

सत्तर दिवसांचंही तसंच. पहिली चारही पर्वं ९८ दिवसांची होती, पाचवं ७० दिवसांचं, हे खरं. लोक कंटाळले म्हणून, हे मात्र गृहीत धरलेलं. सूरज जिंकला त्याच रात्री हिंदीचं अठरावं पर्व सुरू झालं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिलेलं दिसत नाही; हिंदीला वाट करून देण्यासाठीही मराठी लवकर आटोपलं असू शकेल. शिवाय २०२०मध्ये आणि २०२३मध्ये नवं मराठी पर्व सुरूच झालं नव्हतं. तेव्हा कुणी कंटाळ्याचं नाव काढलं नाही.

राहिलं 'सगळं लिहून दिलेलं'. पहिलं पर्व खरं आणि सगळंच लिहिलेलं, ही दोन वाक्यं एकाच मेसेजमध्ये कशी बसतात ते मला कळलेलं नाही. तरी उत्तर देते. आमच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशातला वग ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे की वगाचा सांगाडा ठरलेला असतो, पण संवाद उभ्या-उभ्या सुचतात. इथंही टास्क ठरवून दिलेला असतो, कोण कुणाला भिडेल याचा अंदाज आधीच बांधलेला असतो, आणि चोवीस तासांतलं तासा-दीड तासाचं कापून आपल्यापुढं येतं. कापणाऱ्याच्या हातात मोठी ताकद आहे, एखाद्याला तो आठवडाभर खलनायक करू शकतो. त्यावर टीका जरूर करा, मीही करते. पण शिवलीला पाटील आजारी पडून बाहेर गेल्या, तेजस्विनी लोणारी हाताला दुखापत होऊन ऐन भरात बाहेर पडली, बिचुकलेंना कोर्टातल्या प्रकरणात अटक झाल्यानं मध्येच घर सोडावं लागलं आणि ते परत आले. यातलं काय कुणी लिहून दिलं होतं?

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, पहिलं पर्व तू विसरलीस. म्हणून परवा रविवारी तो साताऱ्याहून आला तेव्हा आम्ही भडंग खात पहिल्या पर्वाचे जुने भाग लावले. तिसऱ्या भागात तोच म्हणाला, "अगं, ही मेघा तर पहिल्यापासूनच खेळतीय." ग्रुपवरचा मेसेज त्यानं काढून टाकला. सूरजवरून मात्र रात्री एसटी स्टँडवर पोचेपर्यंत आमचं भांडण चालूच होतं.