गाडीत बसणार कोण?

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा रुग्णवाहिकेचा विषय निघालाय. १०८ तालुक्याहून येईपर्यंत पाऊण तास गेला आणि शेवटी एका काकांना रिक्षात घालून न्यावं लागलं. मग ठरलं की गावाची स्वतःची गाडी हवी आणि परदेशातल्यांनी वर्गणी काढावी. एकाने मला टॅग केलं, "तू तिकडे हेच करतोस ना?"

मी गाडी देत नाही, मंगळवारी रात्री गाडीत बसतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या गावाचं फर्स्ट एड स्क्वॉड, म्हणजे रुग्णवाहिकेचं पथक, स्वयंसेवक चालवतात. माझ्या पाळीला एक प्लंबर, एक निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजातली एक मुलगी असते. ईएमटीचा, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या तातडीच्या प्राथमिक उपचारांचा, कोर्स आम्ही कित्येक महिने नोकरी सांभाळून केला. कॉल बहुतेक साधे असतात. आजोबा बाथरूमपाशी पडलेत, त्यांना उचलून खुर्चीत बसवा, बीपी बघा. प्रकरण गंभीर असलं की आमच्याहून जास्त शिकलेले पॅरामेडिक वेगळ्या गाडीतून येतात, इथे ते हॉस्पिटलचे असतात.

एकदा मुलाकडे आलेल्या मराठी आजींसाठी कॉल आला. कुठे दुखतंय विचारलं, तर म्हणाल्या, "दुखत नाही रे, छातीत कसंतरी होतंय. गॅस असेल." 'कसंतरी'ला इंग्रजी शब्द मला अजून सापडलेला नाही. पण आमच्या घरातही एकदा असाच 'गॅस' झाला होता, म्हणून पॅरामेडिक लगेच बोलावले. स्ट्रेचरवरून आजींनी विचारलं, "बाळा, याचे किती होतील?" आमचे काही नाहीत, म्हटलं. बाकीची बिलं मुलाच्या पत्त्यावर येणार होती, ते बोललो नाही.

हे सांगितलं की ग्रुपवर लगेच सूर लागतो, तिकडच्या लोकांना सिव्हिक सेन्स आहे! अहो, दिवसा आमची गाडी कधीकधी नुसती उभी असते, कारण माणसं कामावर असतात. मग शेजारच्या गावाची पगारी माणसं येतात. मला मंगळवार जमतो, कारण बुधवारी घरून काम करता येतं. पहाटे लोकल पकडणाऱ्याला किंवा भातलावणीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्याला मी कोणत्या तोंडाने रात्रपाळी सांगू?

आणि १०८ ला आपण उठसूट शिव्या घालतो, पण २०१४ पासून ती फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. आमच्या गाडीत डॉक्टर कधीच नसतो. भांडायचंच तर तालुक्याला आणखी एक १०८ मिळावी म्हणून भांडा. दान आलेल्या गाड्यांचं काय होतं ते पाहिलंय मी. नारळ फुटतो, लोकार्पण होतं, काचेवर साहेबांचा फोटो लागतो. दोन पावसाळ्यांनी टायर बसलेले आणि ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा.

ग्रुपवर लिहिलं, गाडीला पैसे देणार नाही. डिसेंबरात येतोय. रिक्षावाले, शिक्षक, अंगणवाडीताई, ज्यांना जमेल त्यांनी दोन दिवस द्या. १०८ येईपर्यंत छाती कशी दाबायची, रक्त कसं थांबवायचं, हे तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावून शिकू. खर्च माझा.

तीन अंगठे आले. मग एक मेसेज, "ते करूच. पण गाडीवर नाव कोणाचं घालायचं?"